ब्रेक फेल झाला म्हणजे नक्की काय झालं?

आमच्या जिल्ह्याच्या बातम्यांत एक वाक्य वर्षानुवर्षं तसंच छापून येतं: ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा वाहनावरील ताबा सुटला. फक्त जागा बदलते. कधी आंबा घाट, कधी कुंभार्ली, कधी परशुराम, कधी भोस्ते. घरात कुणीतरी 'इन्ना लिल्लाहि' म्हणतं, जरा वेळ हळहळ होते आणि पान उलटलं जातं.

मला हे वाक्य नेहमी अर्धवट वाटत आलं आहे. 'ताप आला आणि माणूस गेला' एवढंच कुणी सांगितलं तर आपण विचारतो, ताप कशाचा होता? किती दिवस होता? औषध दिलं होतं का? ब्रेकच्या बाबतीत हे प्रश्न कुणी विचारत नाही. जणू ब्रेक म्हणजे काचेचा पेला, आत्ता होता, आत्ता फुटला.

माझ्या मामूंचं हातखंब्याच्या बाजूला छोटं गॅरेज होतं. शाळेच्या सुट्ट्या मी तिथे पाने पुसण्यात आणि नट शोधण्यात घालवल्या. मुंबई-गोवा रस्ता आणि कोल्हापूरचा रस्ता तिथेच मिळतात, त्यामुळे घाट उतरून आलेल्या आणि घाट चढायला निघालेल्या गाड्या दारात असायच्या. कुणी म्हणालं की ब्रेक बरोबर नाही, तर मामू आधी पाना हातात घ्यायचे नाहीत. सीटवर बसून शांतपणे पेडल दाबायचे. एकदा, दोनदा, मग दाबून धरून ठेवायचे. "पेडल बोलतं," असं ते म्हणायचे. स्पंजसारखं लागलं तर आत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरची रबरं गेली आहेत. दगडासारखं घट्ट लागलं तर बूस्टरकडे बघा. ब्रेक जाण्याआधी बहुतेक वेळा कित्येक दिवस सांगत असतो, ऐकणारा पाहिजे, हे मी तिथे शिकलो.

तो काय सांगतो हे कळायला तो चालतो कसा हे ठाऊक हवं. मामूंनी मला ते दोन इंजेक्शनच्या सिरिंज आणि सलाइनच्या नळीचा एक तुकडा घेऊन दाखवलं होतं. एक सिरिंज बारीक, एक जाड. दोन्हींत आणि नळीत पाणी भरलेलं. बारीक सिरिंज मी अंगठ्याने दाबायची आणि जाड सिरिंजचा दांडा त्यांनी रोखून धरायचा. त्यांच्यासारख्या दणकट माणसाला माझा अंगठा रोखता येईना. मग त्यांनी नळीत थोडी हवा जाऊ दिली आणि म्हणाले, आता दाब. अंगठा आत गेला, पण पलीकडचा दांडा जेमतेम हलला. माझा सगळा जोर हवेचा बुडबुडा दाबण्यातच गेला.

गाडीत याहून फार वेगळं काही नाही. तुम्ही पेडल दाबता तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब टाकतो. बंदिस्त द्रवावर टाकलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम. त्याचा त्यावरचा ग्रंथ 1663 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वर्षाने, छापला गेला. आता हिशेब बघा. पायाचा जोर 20 किलो धरू. पेडलच्या दांडीमुळे तो साधारण चौपट होतो, म्हणजे 80 किलो. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या 2 सेंटिमीटर व्यासाचा असेल तर ऑइलवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 25 किलो दाब येतो. चाकाजवळच्या कॅलिपरचा दट्ट्या 5 सेंटिमीटर व्यासाचा असेल तर तो जवळजवळ 500 किलोच्या जोराने पॅड डिस्कवर दाबतो. 20 किलोचे 500 झाले, बूस्टरची मदत अजून धरलेली नाही. मात्र यात फुकट काही मिळत नाही. पेडल काही सेंटिमीटर खाली जातं तेव्हा पॅड जेमतेम केसाएवढा सरकतो. म्हणूनच आत थोडीशी हवा किंवा वाफ शिरली तरी सगळा खेळ बिघडतो. पेडलची ती काही सेंटिमीटरची धाव बुडबुडा दाबण्यातच संपून जाते.

आधीच्या गाड्यांत हेच काम लोखंडी सळ्या आणि तारा करायच्या. एक तार सैल, एक घट्ट, म्हणजे गाडी एका बाजूला ओढली जायची. मालकम लॉकहीड या अमेरिकन माणसाने 1917 मध्ये द्रवावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. हे आडनाव जगाला विमानांमुळे जास्त ठाऊक आहे. 1921 मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. द्रव पक्षपात करत नाही, डावं-उजवं चाक त्याला सारखंच. पुढे मास्टर सिलिंडरचे दोन कप्पे झाले. एका वाटेचं ऑइल गळून गेलं तरी दुसरी वाट काम करते आणि निदान अर्धा ब्रेक हातात राहतो. आजच्या गाड्यांत ही सोय असतेच. हँडब्रेक मात्र बहुतेक गाड्यांत अजून तारेवरच चालतो, त्याचा या ऑइलशी संबंध नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एवढी चांगली रचना असताना घाटात ब्रेक जातात कसे? उत्तर आहे उष्णता. ब्रेक गाडीचा वेग गिळतो आणि उष्णता ओकतो, दुसरं काही करत नाही. समजा, माणसांसकट गाडीचं वजन 1500 किलो आहे आणि घाटात ती 500 मीटर उंची उतरली. या उतरण्यातून जी ऊर्जा निघते तिच्यात सुमारे 25 लिटर पाणी उकळीला येईल. दुसऱ्या शब्दांत, ताशी 60 किलोमीटरच्या वेगातली गाडी 35 वेळा पूर्ण थांबवायला जेवढं काम लागेल तेवढं हे काम. सपाट रस्त्यावर दोनदा ब्रेक लावताना मध्ये बराच वेळ जातो आणि डिस्क वाऱ्याने थंड होते. घाटात सवड मिळत नाही. यातली काही उष्णता वारा आणि टायर घेतात. मोठा वाटा इंजिन घेऊ शकतं, पण गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तरच. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिन हात वर करतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

तापल्यावर दोन गोष्टी होतात. पहिली, पॅड आणि लायनर यांची पकड सुटते. पेडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही, आणि जळका वास येतो. दुसरी गोष्ट जास्त दगाबाज आहे. कॅलिपरची उष्णता आतल्या ऑइलला लागते आणि ते उकळतं. उकळलं की वाफ, आणि वाफ म्हणजे सिरिंजमधला तोच बुडबुडा. पेडल सरळ तळाला जातं.

ब्रेक ऑइल नवं असताना सहजी उकळत नाही. डॉट 3 दर्जाचं ऑइल कोरडं असताना 205 अंश सेल्सिअसपर्यंत टिकलं पाहिजे, डॉट 4 दर्जाचं 230 अंशांपर्यंत. पण नेहमीच्या वापरातलं हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. शंभर भागांत पावणेचारच्या आसपास भाग पाणी मिसळलं की याच दोन दर्जांची किमान मर्यादा 140 आणि 155 अंशांवर येते. आणि आपण राहतो कुठे? रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेले महिने समुद्राची दमट हवा. भिंतीला बुरशी येते, मीठ पाझरतं, कपाटातल्या चपला हिरव्या होतात, मग गाडीतलं ऑइल कोरडं राहील कसं?

आता माझ्या चुलतभावाची गोष्ट. तो कुवेतला असतो. आपल्या कितीतरी घरांत असते तशी त्याची गाडी अंगणात प्लास्टिक पांघरून उभी असते आणि तो सुट्टीवर आला की महिना-दीड महिना फिरते. गाडी सात वर्षांची, पण फिरली होती कमी. सगळे म्हणायचे, गाडी नवीच आहे. एका मे महिन्यात तो खालाला डॉक्टरांना दाखवायला कोल्हापूरला घेऊन गेला. परतताना गाडीत पाच माणसं. संध्याकाळची वेळ, आंबा घाटात पुढे भरलेला ट्रक, ओव्हरटेकला जागा नाही. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आणि पाय सतत ब्रेकवर. मागच्या सीटवरून खाला म्हणाली, "काहीतरी जळतंय रे." सगळ्यांना वाटलं, पुढच्या ट्रकचा वास असेल. दोन वळणांनंतर पेडल तळाला गेलं.

त्याने डोकं शांत ठेवलं. दुसरा गिअर टाकला, मग पहिला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत गेला आणि दरीकडे न जाता गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. एक दरवाजा आणि मडगार्ड चेपलं, खालाच्या कपाळाला खोक पडली. पाचही जण घरी आले, शुक्र अल्लाहचा.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. अर्ध्या तासाने मदतीला थांबलेल्या एका टेम्पोवाल्याने गाडी गटारातून काढली, पेडल दाबून बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, ब्रेक तर मस्त लागतोय." हे वाक्य त्याच्या आधी घरी पोचलं. मग आठ दिवस तेच. कुवेतला रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची सवय, इथे गडबडला असेल. पाय चुकला असेल. झोप लागली असेल. तो शपथेवर सांगत होता की पेडल खाली गेलं होतं, आणि ऐकणारे समजुतीने मान हलवत होते. बाहेरच्याने खोटं ठरवलं तर माणूस भांडतो, घरच्यांनी समजून घेतल्यासारखं केलं तर तो गप्प होतो. सुट्टीचे उरलेले दिवस त्याने गाडीला हात लावला नाही.

मामूंनी त्याला सोडवलं. त्यांनी चाकाजवळची निप्पल ढिली करून थोडं ऑइल बाटलीत घेतलं. नवं ऑइल फिकट पिवळं असतं, हे कोऱ्या चहासारखं होतं. पॅड बघितले तर तापून काचेसारखे गुळगुळीत झालेले. मग त्यांनी गाडीचे कागद मागवले. सात वर्षांत एकदाही ऑइल बदललेलं नव्हतं. दर वर्षीच्या सर्व्हिसच्या कागदावर ब्रेक ऑइलसमोर टिक होती, एवढंच. टिक म्हणजे पातळी बघितली. ऑइल किती वर्षांचं आहे हे त्या टिकेला कुठून कळणार?

मामूंनी घरच्या सगळ्यांना अंगणात बोलावलं. म्हणाले, "पाणी उकळलं की वाफ होते, थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं. घाटात वाफ होती तेव्हा ब्रेक नव्हता. अर्ध्या तासाने वाफ विरली, ब्रेक परत आला. पोरगा खरं बोलत होता." माझ्या भावाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मला इथे लिहिता येणार नाही.

तेव्हापासून बातमीतलं ते वाक्य वाचताना मी थबकतो. अपघातानंतर गाडी थंड होते. तपासणारा पेडल दाबतो, ब्रेक लागतो, आणि खरं सांगणारा ड्रायव्हर खोटा ठरू शकतो. उलटही होतं. 'ब्रेक फेल' म्हटलं की सगळे सुटतात: ज्याने दुप्पट माल भरला तो, ज्याने लायनर बदलायला पैसे दिले नाहीत तो, आणि ज्याने डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकलं तोही. मासळी घेऊन घाट चढणारा टेम्पो परतताना भाजी भरून उतरतो. मालक ॲव्हरेज मोजतो, त्यामुळे उतारावर गाडी मोकळी सोडायची सवय ड्रायव्हरला लागते. एसटी आणि मोठ्या ट्रकना ऑइलऐवजी हवेचे ब्रेक असतात. तिथे ऑइल उकळायचा प्रश्न नाही, पण ड्रम आणि लायनर तसेच तापतात, पकड तशीच सुटते. घाट सगळ्यांना एकाच मापाने मोजतो.

डिझेल वाचवण्याचा समजही आता जुना झाला. आजच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनला जाणारं इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. आणि कुणी चावीच बंद केली तर बूस्टरची मदत एक-दोन दाबांत संपते, पेडल दगड होतं, स्टिअरिंगही जड होतं.

जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरायचा. आजही याहून चांगला नियम नाही. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, ती वापरा. पाय ब्रेकवर ठेवून घसटत उतरू नका. वेग वाढला की नीट दाबा, वेग उतरला की सोडा, म्हणजे मध्ये डिस्कला श्वास मिळतो. जळका वास आला, पेडल नेहमीपेक्षा खाली जाऊ लागलं, तर रुंद जागा बघून थांबा आणि गाडी आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी ओतू नका, ते तडकू शकतात. पेडल गेलंच तर भराभर पंप करा, कधी कधी थोडा दाब परत मिळतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक झटक्यात न ओढता हळूहळू ओढा आणि डोंगराची बाजू धरा. आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाने 'काहीतरी जळतंय' म्हटलं तर ते ऐका.

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमान कामगार ज्या धंद्यांत जास्त दिसतात त्यांत मोटारदुरुस्तीचा उल्लेख आहे. आपल्याला त्यासाठी अहवालाची गरज नाही, आपल्या मोहल्ल्यात बघितलं तरी पुरे. पोरगा दहावीला अडकला की आपण म्हणतो, गॅरेजला टाका. म्हणजे जिथे डोकं लागत नाही तिथे. मामू स्वतः सातवी शिकलेले. पास्कलचं नाव मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरा माणूस दिसतो, कुठल्या गॅरेजला होता?" नववी-दहावीतल्या मुलांना घेऊन शिक्षकांनी एखादा दिवस गॅरेजात घालवावा आणि गॅरेजातल्या पोरांना कुणीतरी तो नियम आकडे घालून शिकवावा, असं मला फार वाटतं. ऑइलची बाटली रात्रभर उघडी ठेवू नये, असं उस्तादाने दटावलं की पोरगा ऐकतो. का ठेवू नये हे कळलं की तो उस्ताद नसतानाही झाकण लावतो.

आपल्याकडे प्रवासाला निघताना दुआ पढतात. ती पढावीच. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवणही आपल्यातल्या प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. गाडीत बसलेली माणसं ही चालवणाऱ्याकडे अमानत असते. ती पेडल दाबून बघत नाहीत, ती डोळे मिटून झोपतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, गाडी फिरो वा न फिरो, पूर्ण बदलायचं असतं. खर्च घरातल्या एका दावतीहून कमी. काम झाल्यावर तारीख लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. मामू तसंच करायचे, सेलोटेपखाली कागदाचा चिटोरा. सुट्टीवर येणारा भाऊ, मुलगा, जावई याला विमानतळावरून आणायला निघण्याआधी एकदा बॉनेट उघडा आणि तो चिटोरा आहे का ते बघा.